वांगावर सुई चालत नाही

सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या किंचित वर वसलं आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखालीच संपते. ऑगस्टच्या सुरुवातीला तसाच दुसरा दिवस येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं. मेमध्ये मात्र पारा ४३-४४ वर आणि आभाळ लख्ख कोरडं. इथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या चेहऱ्याचं जे काही होतं, त्यात या उन्हाचा वाटा फार मोठा आहे. तरीही वय दिसू नये म्हणून काय करावं, असा विषय निघाला की बोलणं उन्हापाशी थांबत नाही. ते थेट सुईवर जातं, नाहीतर हळद-बेसनावर.

माझं औषधांचं दुकान आहे, म्हणजे आपल्या भाषेत मेडिकल. काउंटरवर हा विषय दोन तऱ्हांनी येतो. एकीचं म्हणणं, "बॉटॉक्स घेऊ का हो मॅडम? नणंदेनं पुण्यात घेतलंय, दहा वर्षांनी लहान दिसायला लागलीय." दुसरीचं म्हणणं, "सुईबिई नको, एखादं चांगलं क्रीम द्या, साइड इफेक्ट नसलेलं." दोघींनाही वाटतं की काम एकच आहे, फक्त करायच्या रीती दोन. माझा मुद्दा इथेच आहे. ही दोन वेगळी कामं आहेत. सुई जे करते ते कुठल्याही क्रीमला जमत नाही. आणि सोलापूरच्या बहुतेक चेहऱ्यांना ज्याची गरज आहे ते बॉटॉक्सला किंवा फिलरला, म्हणजे कातडीखाली टोचून भरायच्या जेलला, जमत नाही.

आधी बॉटॉक्स. ते विष आहे हे खरंच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आकसण्याचा निरोप देणारं ॲसिटिलकोलीन ते अडवतं, आणि तो स्नायू काही महिने सैल पडतो. औषध म्हणून त्याचा वापर सुरू झाला तो डोळ्यांच्या तक्रारींसाठी. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर आचक्यांसाठी त्याला परवानगी मिळाली. त्याच सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांसाठी हेच इंजेक्शन देत होत्या. एका रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचे पती ॲलास्टर त्वचारोगतज्ज्ञ असल्यानं पुढचा मार्ग घरातच सापडला. आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळाली २००२ मध्ये. म्हणजे "काल-परवाचं फॅड" म्हणून हे उडवून लावण्यात अर्थ नाही. नीट प्रमाणात, नीट जागी दिलं तर ते भरवशाचं औषध आहे.

पण कशावर? कपाळाच्या आडव्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या आठ्या, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषा यांवर. स्नायू हलून पडलेल्या रेषांवर. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पुरता यायला दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात धावत जाणाऱ्या वरमाईंनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. औषध थांबवलं की चेहरा पूर्वीपेक्षा वाईट होतो ही समजूत चुकीची आहे. तो फक्त पूर्वीसारखा होतो.

फिलरचं काम आणखी वेगळं. वयानुसार गालांतली चरबी आणि खालचं हाड दोन्ही झिजतात, गालफडं बसतात, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत घड्या खोल जातात. तिथे हायलुरोनिक ॲसिडची जेल भरून उठाव आणायचा. गंमत अशी की हेच हायलुरोनिक ॲसिड सीरमच्या बाटलीतही असतं आणि तिथे ते कातडीच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. कोलॅजनच्या, म्हणजे कातडीला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या, क्रीमचं तेच. एवढे मोठे रेणू कातडीतून आत उतरतच नाहीत. "बॉटॉक्ससारखा परिणाम" असं डबीवर छापलेलं क्रीम हे त्यामुळे शुद्ध थापेबाजीचं उदाहरण आहे. भुवयांमध्ये दोन खोल चिरा पडल्या आहेत, शांत बसलेली असतानाही घरचे "चिडलीस का?" विचारतात, आणि त्याचा तिला मनापासून त्रास होतोय, अशी बाई आली तर तिला महागडं क्रीम विकणं ही लबाडी आहे. तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावं. तिच्यासाठी सुईच बरोबर.

अशी बाई मात्र दहांत एखादीच येते. बाकीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवतात ते असतं वांग. गालांच्या उंचवट्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरलेले तपकिरी डाग. नाहीतर डोळ्यांखालचा काळेपणा, मानेच्या आणि चेहऱ्याच्या रंगातला फरक, राठ, कोमेजलेली कातडी. हे आपल्या कातडीचं वैशिष्ट्यच आहे. आपल्यात मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, जास्त, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानानं सुरकुत्या उशिरा येतात. पण तेच मेलॅनिन ऊन लागलं, गरोदरपण आलं, गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या, कातडी कशानंही चिडली की जागोजागी साचतं. पाश्चात्त्य देशांतल्या बाईचं वय आधी रेषांत दिसतं, आपलं आधी रंगात दिसतं. आणि बॉटॉक्स रंगाला हातही लावत नाही. वांग असलेल्या कपाळाला बॉटॉक्स दिलं तर वांग तसंच राहून कपाळ तेवढं गुळगुळीत होईल.

काही त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची बारीक इंजेक्शनं कातडीत देतात, हे मला ठाऊक आहे. पण ऊन अडवलं नाही तर तो उपायही टिकत नाही, आणि मग रांगेत पहिला नंबर सुईचा राहत नाही, उन्हाचाच येतो. ग्लुटाथायोनच्या शिरेतल्या इंजेक्शनांबद्दल तर बोलायलाच नको. गोरं करण्यासाठी ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा धड पुरावा नाही, तरी लग्नाच्या मोसमात त्यांची "पॅकेजं" निघतात.

उन्हाबद्दलचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि तो कुणी पॅकेज करून विकत नाही म्हणून मागे पडतो. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर या गावात नऊशेहून जास्त माणसांवर साडेचार वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावायचं, निम्म्यांनी वाटेल तेव्हा. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी भरलं. ती माणसं गोऱ्या कातडीची, हे मान्य. पण मग दुसरं उदाहरण घ्या, जे सोलापूरकरांना अधिक जवळचं वाटेल. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी जाड, खडबडीत झालेला. उजवा गाल त्याच्या मानानं कितीतरी तरुण. वय एकच, वडील-आजोबा तेच, खाणंपिणं तेच, फरक फक्त काचेतून येणाऱ्या उन्हाचा. काच अतिनील किरणांतले भाजणारे किरण अडवते, पण आतवर शिरून कोलॅजन मोडणारे यूव्हीए किरण बरेचसे आत सोडते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. पुणे-हैदराबाद रस्त्यावर उमर घालवलेल्या चालकांचे उजवे गाल कधी निरखून पाहा.

सोलापूरच्या पोरींनी या बाबतीत कुणाचा सल्ला न घेता चांगला उपाय शोधला होता. गाडीवर बसायच्या आधी डोक्यापासून मानेपर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, गॉगल, अंगात सनकोट, हातात मोजे. बाहेरगावचे पाहुणे यावर हसतात. हसू द्या. दाट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड पुष्कळ सनस्क्रीनपेक्षा चांगलं ऊन अडवतं, आणि चादरी-टॉवेलच्या गावात दाट वीण म्हणजे काय हे कुणी कुणाला शिकवायला नको. पातळ, पांढऱ्या ओढणीतून मात्र बरंच ऊन आत येतं. तोही स्कार्फ लग्न होईपर्यंतच. त्यामागे कातडी जपणं नव्हतंच कधी, "काळी पडशील" हा धाक होता. लग्न जमलं, धाक सरला, स्कार्फ कपाटात गेला. ऊन साचत जाऊन कातडीवर उमटतं ते पुढच्या वीस वर्षांत, नेमकं तेव्हा चेहरा उघडा. त्यात पाळी गेली की पहिल्या पाच वर्षांतच कातडीतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. मग पंचेचाळिशीत एकदम "काहीतरी करायला हवं" असं वाटतं, आणि फोनवर सुईच्या जाहिराती तयारच असतात.

पुरुषांचं तर विचारूच नका. टोपी घालणारा शेतकरी सोडला तर दुपारी बाराला उघड्या डोक्यानं, उघड्या तोंडानं फिरणं हाच आपल्याकडे मर्दपणा. जोडीला तंबाखू. विडी-सिगारेटनं कातडी लवकर सुरकुतते हे पक्कं आहे.

क्रीमच्या बाजूनं बोलायचं तर लांबलचक यादी करायची माझी तयारी नाही. सनस्क्रीन आणि ट्रेटिनॉइन, बाकी सगळं मागच्या रांगेत. सनस्क्रीनच्या एसपीएफच्या, म्हणजे भाजणारं ऊन किती अडतं ते सांगणाऱ्या, आकड्यांना भुलू नका. तीसचं ९७ टक्के भाजणारे किरण अडवतं, पन्नासचं ९८. खरा घोळ प्रमाणाचा आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं, बायका लावतात वाटाण्याएवढं, आणि ट्यूब सहा महिने पुरली म्हणून खूश होतात. वांग असेल तर रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्यावं, कारण वांगाला नुसता दिसणारा प्रकाशही चेतवतो. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाचं रूप. मुरुमांसाठी आलं, आणि १९८० च्या दशकापासून उन्हानं जुनावलेल्या कातडीवर त्याचा उपयोग होतो हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. बारीक रेषा, डाग, राठपणा या तिन्हींवर चालतं. ट्यूब दोन-तीनशे रुपयांच्या आत येते. फक्त ते चिठ्ठीवरचं औषध आहे, गरोदरपणात चालत नाही, सुरुवातीला सालं निघतात, चेहरा लाल होतो आणि घाई केली तर आपल्या कातडीवर उलट डाग पडतात. एक दिवसाआड, रात्री, चिमूटभर. फरक दिसायला चार-सहा महिने. चार-सहा महिने म्हटलं की समोरच्या बाईचा उत्साह मावळतो, हे मी रोज बघते.

"विनासुई" म्हणजे "विनाधोका" असं समजणाऱ्यांना तर मी हात जोडते. सोलापुरात कातडीचं सगळ्यात जास्त नुकसान मी सुईनं झालेलं पाहिलेलं नाही, ट्यूबनं झालेलं पाहिलं आहे. स्टेरॉइड, डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशा तिघांच्या मिश्रणाचं क्रीम. वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ ते थोडे आठवडे, देखरेखीखाली देतात. ते शेजारणीकडून शेजारणीकडे जातं आणि "गोरं व्हायचं क्रीम" म्हणून वर्षानुवर्षं चोळलं जातं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, ओठांवर लव येते, आणि थांबवलं की आग आग होते. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिलं आहे, इतकी ती इथे बोकाळली. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर. आणि पारा मिसळलेली क्रीमं त्याहून भयंकर. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं २०२३ मध्ये बातम्यांत आलं होतं. क्रीम दिलं होतं ओळखीच्या ब्यूटिशियननं. सुईच्या भीतीपोटी अशा डबीच्या आसऱ्याला जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता सुईचा धोका, आणि तोही सोलापूरच्या संदर्भात, कारण मुंबई-पुण्यासाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. पहिली गोष्ट, हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये इथे चाळिशीच्या वर पारा, त्यात वीज जाणं. ते कंपनीपासून सिरिंजपर्यंत थंड राहिलं का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसरी, ते भुकटीच्या रूपात येतं आणि सलाइनमध्ये कालवतात. कुपी किती जणांत वाटली, किती पातळ केली, हे नुसतं पाहून कळत नाही. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा, किती युनिट दिली ते लिहून घ्या. भुवयांमधल्या आठ्यांना मूळ बॉटॉक्सची साधारण वीस युनिट लागतात. वेगळ्या कंपनीचं युनिट वेगळं असतं, त्यामुळे "तिकडे स्वस्त मिळालं" या बोलण्याला अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे "व्हिजिटिंग" डॉक्टरांची जुनी पद्धत आहे. महिन्यातून एखादा रविवार कुणी पुण्याहून, कुणी हैदराबादहून येतात, दिवसभर पेशंट बघतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. गुडघा तपासायला, मधुमेहाच्या सल्ल्याला ही पद्धत उत्तम. या शहराला तिचा फायदाच झाला आहे. पण बॉटॉक्सनं पापणी ओघळली तर ती त्याच दिवशी ओघळत नाही, काही दिवसांनी ओघळते. काही आठवड्यांत आपोआप सावरते हे खरं, पण तोवर धीर द्यायला, थेंब लिहून द्यायला कुणीतरी गावात हवं ना? फिलरचं तर त्याहून गंभीर. जेल चुकून रक्तवाहिनीत गेली की कातडीचा तेवढा भाग मरू शकतो. नाक आणि भुवयांमधल्या भागातून ती डोळ्याच्या रक्तवाहिनीकडे सरकली तर दृष्टी जाते. असं क्वचित घडतं. पण घडलं तर हातात दिवस नसतात, मिनिटं असतात. जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज तिथेच हवं आणि ते कुठे, किती टोचायचं हे जाणणारा हातही तिथेच हवा. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. म्हणून माझं सरळ मत: गावात न राहणाऱ्या डॉक्टरकडून फिलर घेऊ नये, मग त्याची पदवी कितीही मोठी असो. पार्लरमध्ये, हॉटेलच्या हॉलमध्ये भरवलेल्या "शिबिरात" तर दोन्ही नकोत. इंजेक्शन देणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. आपण भाजी घेताना देठ मोडून बघतो. डोळ्याशेजारी सुई घेताना एवढं विचारायला संकोच कसला?

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो येतो बहुधा पुरुषांकडून. "वयाला शोभेल असं राहावं. म्हातारपण लपवायचं कशाला?" बोलणाऱ्या काकांच्या डोक्याला ताजा कलप असतो. काळा कुळकुळीत, कानाच्या पाळीलाही थोडा लागलेला. कलप चालतो, कवळी चालते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर चष्मा गेला तर पेढे वाटतात. बाईनं कपाळावरची आठी घालवली की मात्र संस्कृती आठवते. मला हा आक्षेप मान्य नाही. आपला चेहरा कसा दिसावा हे ठरवण्याचा तिचा हक्क आहे, आणि त्यासाठी स्वतःच्या कमाईतले पैसे घालवण्याचाही. माझी तक्रार सुईच्या नीतीबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. युनिटला काहीशे रुपये या भावानं नुसत्या भुवयांमधल्या आठ्यांचे काही हजार होतात, तेही वर्षातून तीनदा. हे पैसे आधी उन्हावर आणि डागांवर घातले, सहा महिने वाट पाहिली, तर बऱ्याच जणींना सुईची गरजच वाटणार नाही. ज्यांना वाटेल त्यांनी मग खुशाल घ्यावी, डोळसपणे घेतील.

आणि ज्यांच्याकडे ते काही हजार कधी येणारच नाहीत त्यांचं काय? लक्ष्मी मंडईत फुटपाथवर पालेभाजी मांडून बसणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी, घराच्या उंबऱ्यात उजेडाला बसून विड्या वळणारी. उन्हाचा मारा सगळ्यात जास्त त्यांच्यावर, आणि "सौंदर्य" या शब्दात त्यांचा विचारच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा टाल्कम पावडर आणि चेहऱ्याची पावडर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. सनस्क्रीन १८ वरच राहिलं. चेहरा पांढरा दाखवणारी वस्तू गरजेची आणि ऊन अडवणारी चैनीची, असा हा हिशेब आहे. पन्नास ग्रॅमच्या ट्यूबला चार-पाचशे रुपये आणि तीही दोन बोटं या प्रमाणात महिनाभरात संपणारी. ती भाजीवाली कशी घेईल? सरकारला खरंच काही करायचं असेल तर सनस्क्रीनला पावडरीच्या रांगेत बसवावं, जनऔषधी केंद्रांतून साध्या डबीत, वासाशिवाय, स्वस्तात द्यावं. महापालिकेनं बाजारात बसणाऱ्यांच्या डोक्यावर धड सावली केली तरी कातडीचं मोठं काम होईल, आणि उष्माघाताचंही.

अन्न व औषध प्रशासनानं पार्लरमधल्या सिरिंज तपासाव्यात, हे तर आहेच. पण त्याआधी आम्हा मेडिकलवाल्यांच्या काउंटरपाशी यावं. ती तीन औषधांची ट्यूब चिठ्ठी न मागता देणारे आम्हीच आहोत. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तिथे ट्यूब मिळते, म्हणून इथेही द्यायची, हा आमचा युक्तिवाद. समोरचा दुकानदारही नेमकं हेच सांगतो.